उन्हातली बाटली

रत्नपाल बावीस वर्षं एकाच प्रयोगशाळेत परिचर होता. श्रीवर्धनहून दिवेआगरकडे निघालं की कारवीखोलचा फाटा लागतो. तिथं सुपारीच्या वाड्या संपतात आणि कॉलेजचं कंपाउंड सुरू होतं. वनस्पतिशास्त्र विभागात कुठलं रसायन कुठल्या कपाटात आहे, कुठल्या बाटलीला उजेड चालत नाही, कुठला हीटर अधूनमधून दगा देतो, हे सगळं त्याला तोंडपाठ. शिक्षण बारावीपर्यंत. पण त्यानं इतक्या जणांना प्रयोग मांडून दिले होते की मुलं आधी त्याला विचारत आणि मग सरांना.

एका डिसेंबरात त्या प्रयोगशाळेला आग लागली.

विभागप्रमुख डॉ. शिरोळकर स्पिरिट उकळून पाल्याचा अर्क काढत होते. काचेच्या उपकरणाच्या खाली हीटर आणि वर थंड पाण्याची नळी, अशी ती मांडणी असते. सरांना फोन आला. बोलत बोलत ते व्हरांड्यात गेले आणि तिथून प्राचार्यांच्या केबिनमध्ये. इकडे टाकीतलं पाणी संपलं, नळी कोरडी पडली, हीटर मात्र चालूच राहिला. रत्नपाल तेव्हा मागच्या खोलीत मोठ्या कॅनमधलं स्पिरिट लहान बाटल्यांत भरत होता. भडका उडाल्याचा आवाज ऐकून तो धावला. त्यानं मेन स्विच पाडला, टेबलावरचं पेटलेलं कापड हातानंच ओढून बाहेर फेकलं. डावा पंजा मनगटापर्यंत भाजला. माणसं वाचली, पण विभागाचं सगळ्यात महागाचं यंत्र जळून गेलं.

चौकशीत सरांनी लिहून दिलं की हीटर परिचराच्या ताब्यात होता आणि परिचर दारू प्यायलेला होता.

ऑफिसातल्या दोघांनी सांगितलं, त्याच्या अंगाला वास येत होता. येत होताच. स्पिरिटचा. "मी बाटल्या भरत होतो," असं रत्नपालनं तीनदा सांगितलं. ते कुणी लिहून घेतलं नाही. त्याला सहा महिन्यांसाठी निलंबित केलं.

निलंबनाचं त्याला तेवढं लागलं नाही. लागलं ते घरी. त्याचे वडील रामजी. छप्पन सालानंतर गावात धम्मदीक्षा झाली तेव्हा ते तेरा-चौदा वर्षांचे होते. त्या दिवशी वस्तीनं माडीच्या दारूची मडकी आणून फोडली, त्यातली दोन रामजींनी स्वतःच्या हातानं फोडलेली. पुढं साठ वर्षं कुणाच्या लग्नात बाटली दिसली की रामजी पंगतीतून उठून घरी यायचे. यजमान कितीही जवळचा असो. रत्नपालनं आयुष्यात दारूला ओठ लावला नव्हता, आणि ते साऱ्या वस्तीला माहीत होतं. तरी चौकशीचा कागद वस्तीत पोचला त्या दुपारी रामजींनी त्याला पडवीत बोलावलं.

"हितं बस. तोंड उघड."

"बा?"

"उघड म्हनतो."

सत्तेचाळीस वर्षांच्या मुलाच्या तोंडाशी नाक नेऊन म्हाताऱ्यानं वास घेतला. मग काठी उचलली आणि विहाराकडे चालू लागले. पुढच्या पावसाळ्यात ते वारले. मधल्या दिवसांत ते रत्नपालशी बोलत होते, त्याच्या हातचं औषध घेत होते, पण "ते खोटं होतं हे मला ठाऊक हाय," एवढं एक वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. रत्नपाल शेवटच्या दिवसापर्यंत त्या वाक्याची वाट पाहत उशाशी बसून होता.

तोवर तो कामावर परतला होता. त्याच्यावाचून प्रयोगशाळा चालेना म्हणून परत घेतला होता. शिरोळकर सर मयतीला हार घेऊन आले. त्यांनी रत्नपालच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मोठा आधार गेला रे." तो हात त्याला कितीतरी दिवस खांद्यावर जाणवत राहिला. या माणसाला सोडायचं नाही, हे त्यानं तिथंच ठरवलं. कसं, ते ठाऊक नव्हतं. घाईही नव्हती.

आगीला दोन वर्षं होत आली तेव्हा विभागात नवं यंत्र आलं आणि मनाली आली. मनाली कोळीवाड्यातली. बाप विठोबा बोट चालवतो, आई चंद्राबाई मासळी सुकवून बाजारात बसते. एमएस्सी झालेली त्यांच्या घरातली ती पहिली. तिनं पीएचडीसाठी शिरोळकर सरांकडे नाव नोंदवलं आणि सरांनी विषय दिला तो मारांडीचा. खाडीच्या चिखलात वाढणारं हे काटेरी पानांचं झुडूप. त्याच्या पानांत अँटिऑक्सिडंटची ताकद किती, ते मोजायचं.

मोजायची रीत तशी साधी. डीपीपीएच नावाची गडद पूड मिथेनॉलमध्ये विरघळली की जांभळं द्रावण होतं. त्यात पाल्याचा अर्क टाकून अर्धा तास अंधारात ठेवायचं. अर्कात जितकी ताकद, तितका जांभळा रंग उतरत जातो. किती उतरला ते यंत्र आकड्यात सांगतं. तुलनेसाठी एका नळीत अर्काऐवजी नुसतं मिथेनॉल टाकतात, तिला कंट्रोल म्हणतात. कंट्रोल म्हणजे न उतरलेला, पुरा रंग. बाकीचं सगळं तिच्यावरून ठरतं. पथ्य एकच, या द्रावणाला उजेड लागता कामा नये. म्हणून बाटलीला चांदीचा कागद गुंडाळून ती फ्रिजमध्ये ठेवायची.

"कंट्रोल सकाळी एकदा घेतलास की पुरे," सरांनी मनालीला सांगून ठेवलं होतं. "दर वेळी कशाला? पूड काय झाडाला लागते?"

त्यामुळे मनाली सकाळी कंट्रोल घ्यायची, मग तुलनेचे व्हिटॅमिन सीचे नमुने, आणि जेवून आली की मारांडीचे.

नोव्हेंबरातल्या एका दिवशी रत्नपालनं फ्रिजमधला बर्फ काढायला घेतला. बाटल्या बाहेर काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या. डीपीपीएचच्या बाटलीवरचा कागद फाटला होता, तो त्यानं सोलून टाकला आणि नवा आणायला निघाला, तेवढ्यात ऑफिसातून बोलावणं आलं. परत येतो तो बाटली दक्षिणेच्या खिडकीत, लख्ख उन्हात उघडी. बराच वेळ गेला होता. डोळ्याला रंग जांभळाच दिसत होता, पण तो आता पुरा नाही हे रत्नपालला कळत होतं. त्यानं कागद गुंडाळला, बाटली आत ठेवली. मनाली जेवून आली की सांगू, नवं द्रावण करायला लावू, असं त्यानं मनाशी ठरवलं.

पण मनालीच्या आधी सर आले. बरोबर संस्थेचे दोन विश्वस्त होते.

"हा आमचा रत्नपाल," सर हसत म्हणाले. "काय रे, आज तरी शुद्धीत आहेस ना?"

विश्वस्त हसले. हसणं भाग होतं म्हणून रत्नपालही हसला. मग मनाली आली, तिनं बाटली काढली, मारांडीचे नमुने लावले. रत्नपाल सिंकपाशी नळ्या घासत उभा राहिला. बोलला नाही.

चार वाजता मनालीनं हाक मारली. "सर, जरा बघता का? मारांडी व्हिटॅमिन सीच्या वर गेलीय."

सरांनी आकडे तीनदा वाचले. त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेला आनंद रत्नपालनं लांबून पाहिला आणि दोन वर्षं जे सुचत नव्हतं ते त्याला तिथं सुचलं. या माणसाला खाली ओढायची गरजच नव्हती. त्याला वर चढू द्यायचं होतं. पुष्कळ वर.

दुसऱ्या दिवसापासून मनाली जेवायला गेली की रत्नपाल कागद काढून बाटली खिडकीत ठेवायचा. घड्याळ लावून चाळीस मिनिटं. एक मिनिट कमी नाही, एक जास्त नाही. मापं रोज सारखी आली पाहिजेत, म्हणजे कुणाला संशय येत नाही, हे तो या खोलीतच शिकला होता. मग बाटली गार पाण्यात बुडवून थंड करायचा, कागद गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायचा. सकाळी मनाली नवं द्रावण करायची. पुन्हा दुपारी खिडकी.

सर चढत गेले. जानेवारीत पेपर छापायला गेला. वर्तमानपत्रात फोटो आला, हातात मारांडीची फांदी. एका औषध कंपनीची माणसं गाडी घेऊन येऊन गेली. मार्चमध्ये कॉलेजातच परिषद भरवायचं ठरलं. फोटोचं कात्रण रत्नपालनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. बाटली खिडकीत ठेवली की तो कपाट उघडून ते बघायचा.

"आजकाल लई खुशीत दिसता," त्याची बायको तुळसा एकदा म्हणाली.

"व्हय," तो म्हणाला. "काम चांगलं चाललंय."

मनाली मात्र गप्प गप्प होत चालली होती. फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती यंत्रासमोरून उठेचना. रत्नपाल नळ्या गोळा करायला गेला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काका, आज मी एका नळीत अर्क टाकलाच न्हाय. मुद्दाम. नुसतं मिथेनॉल टाकलं."

"मग?"

"एकवीस टक्के आलं. नुसत्या मिथेनॉलला कसली ताकद? म्हणजे मारांडीच्या आजवरच्या सगळ्या मापांत हे एकवीस टक्के फुकटचे हायेत. बाटली दुपारपर्यंत बिघडते. माझंच काही चुकतंय. झाकण नीट लागत नसेल, कागद सैल राहत असेल. मला कळतच न्हाय."

रत्नपालच्या ओठावर आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. त्यानं नळ्या रॅकमध्ये लावल्या.

"सरांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले पेपर गेलाय, परिषद तोंडावर आलीय, आता शंका काढू नकोस. गाइड बदलायचा असेल तर तसं सांग, म्हणाले."

हे उघडं पडेल तेव्हा सर कुणाकडे बोट दाखवतील, ते रत्नपालला आता लख्ख दिसलं. खरं तर ते त्याला आधीही दिसलं होतं, त्यानं त्याकडे पाहायचं टाळलं होतं. आता दोनच वाटा होत्या. मनालीला सगळं सांगायचं, म्हणजे मापं पुन्हा होतील आणि सर सुखरूप सुटतील. नाहीतर मनालीला दुसऱ्या कशानं तरी वाचवायचं आणि सरांना पडू द्यायचं. त्यानं दुसरी वाट धरली. फार वेळ विचार केला असंही नाही.

"तोंडी सांगून भागायचं न्हाय, बाय," तो म्हणाला. "कागदावर लिही. काय केलंस, किती आलं, तारीख, वेळ. जुनी मापं चुकीची वाटतात, परिषदेत मांडू नयेत, असं सरळ लिही. दोन प्रती कर आणि माझ्याकडे दे."

"सर त्यावर सही करतील?"

"सर रोज पन्नास सह्या करतात. वाचतात किती, ते मला ठाऊक हाय."

दुसऱ्या दिवशी तो कागद रसायनांची मागणी आणि रजेचे अर्ज यांच्या मधोमध सह्यांच्या फाइलमध्ये गेला. सर फोनवर कंपनीच्या माणसाशी बोलत होते. एका हातानं पानं उलटत, सवयीनं 'पाहिले' लिहीत आणि खाली सही, तारीख ठोकत ते फाइलच्या शेवटापर्यंत पोचले. रत्नपालनं शिक्का मारला आणि एक प्रत मनालीच्या हातात दिली.

"जपून ठेव. आगीच्या टायमाला माझ्याकडे असा एक कागद असता ना..." तो म्हणाला आणि थांबला. मनालीला आगीची गोष्ट अर्धवटच ठाऊक होती. तिनं कागद वहीत घालून ठेवला.

परिषदेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. शेवटच्या रांगेत विठोबा आणि चंद्राबाई बसली होती. चंद्राबाईनं नवं लुगडं नेसून अंबाड्यात अबोलीचा गजरा माळला होता. मुलीच्या कामाला आज मान मिळणार, असं सरांनीच त्यांना निरोप धाडून कळवलं होतं. रत्नपाल पाण्याचे ग्लास घेऊन दारापाशी उभा होता.

सरांचं भाषण झालं, पडद्यावर आलेख झाले, टाळ्या झाल्या. मग मुंबईहून आलेल्या तज्ज्ञ, डॉ. कोठारे बाई, माइक मागून घेऊन उभ्या राहिल्या.

"दोन स्लाइड मागं घ्या. हां. अर्क शून्य असेल तर परिणाम शून्य यायला हवा. तुमची रेघ वीस टक्क्यांपासून सुरू होते. असं का? कंट्रोल किती वेळा घेतला?"

सर हसले. "ते काम विद्यार्थिनी बघते."

"आणि तुम्ही काय बघता?"

सभागृहात कुणीतरी खुसखुसलं. सरांचं हसू गेलं. "हे पाहा, सगळी मापं तिनं एकटीनं घेतली आहेत. कंट्रोल दर वेळी घे, हे मी तिला हजारदा सांगितलंय. पण निष्काळजी मुलांपुढं काय करणार? ज्या घरांतून ही मुलं येतात तिथं शिस्त शिकवायला कुणी नसतं. त्याचा त्रास आम्हाला."

चंद्राबाईला सगळं समजलं नसावं, पण एवढं समजलं. ती नवऱ्याकडे वळून हलकेच म्हणाली, "आपल्या मनालीला म्हनतात का?" रत्नपालनं ते ऐकलं आणि नजर मंचाकडे वळवली.

मनाली उभी राहिली. "मॅडम, मी सरांना लिहून दिलं होतं," एवढंच तिला बोलता आलं. तिनं कागद पुढं पाठवला.

कोठारे बाईंनी तो आधी मनाशी वाचला, मग माइकवरून सगळ्यांना वाचून दाखवला. तारीख, वेळ, एकवीस टक्के, परिषदेत मांडू नये. "आणि यावर 'पाहिले' असं लिहून तुमची सही आहे, डॉक्टर. महिन्याभरापूर्वीची. ही न वाचता केलीत, की वाचून दाबलीत?"

सर माइकपासून एक पाऊल मागं सरले. समोर विश्वस्त बसले होते, कंपनीची माणसं बसली होती, वर्तमानपत्रवाला लिहून घेत होता. रत्नपालनं हा क्षण मनात इतक्यांदा पाहिला होता की प्रत्यक्षात तो फिका निघेल अशी त्याला भीती होती. निघाला नाही. जितका गोड वाटेल म्हणून वाटलं होतं तितकाच गोड होता. त्यानं ट्रेमधला एक ग्लास उचलला आणि उभ्या उभ्या स्वतःच पिऊन टाकला.

आठ दिवसांनी चौकशी समिती बसली. प्राचार्य, एक विश्वस्त आणि कोठारे बाई. रत्नपाल आणि मनाली भिंतीलगतच्या खुर्च्यांवर. शिरोळकर सरांनी आठ दिवस विचार केला होता, आणि ते काही मूर्ख नव्हते.

"द्रावण सकाळी चांगलं आणि दुपारी उतरलेलं," ते म्हणाले. "फ्रिजमध्ये असं होत नाही. त्याला ऊन दाखवलं गेलंय. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेची चावी एकाच माणसाकडे असते, रत्नपालकडे. त्याच्या मनात माझ्याबद्दल राग आहे. हे त्याचं काम आहे."

एकेक शब्द खरा होता.

प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शिरोळकर, आग लागली तेव्हा परिचर. परिषदेत विद्यार्थिनी. आता आठ दिवसांनी पुन्हा परिचर. तुमच्या हातून कधी काही होतच नाही का हो?"

"सर, मी खरं सांगतोय!"

"रत्नपाल, बाटली तू उन्हात ठेवायचास?"

दर रविवारी विहारात सगळ्यांबरोबर रत्नपाल पंचशील म्हणायचा. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते त्याला त्या वेळी आठवलं, नाही असं नाही.

"न्हाय साहेब," तो म्हणाला. "बाटलीला माझा हात लागतो तो फ्रिजात ठेवायला."

आवाज जराही हलला नाही. समितीनं त्याला जायला सांगितलं.

संध्याकाळी सर टेबलाचे ड्रॉवर रिकामे करायला प्रयोगशाळेत आले. आत रत्नपालशिवाय कुणी नव्हतं.

"तूच ठेवलीस," सर म्हणाले.

"व्हय."

"मग आत खोटं बोललास. चक्क तोंडावर खोटं बोललास!"

"व्हय. हेच मला दोन वर्षं तुम्हाला म्हणायचं होतं. म्हणायला माझ्याकडे तुमच्यासारखी खुर्ची न्हवती."

सरांच्या हातातली फाइलींची पिशवी रत्नपालनं पुढं होऊन घेतली आणि गाडीपर्यंत नेऊन दिली. आजवर नेत आला होता तशीच.

सरांचं प्रमुखपद गेलं, पेपर मागं घ्यावा लागला, कंपनी फिरकली नाही. सर आधी रजेवर गेले आणि मग संस्थेच्या घाटावरच्या एका कॉलेजात त्यांची बदली झाली. आगीचा जुना अहवाल पुन्हा उघडतील अशी रत्नपालला आशा होती. त्यानं प्राचार्यांकडे अर्जही दिला. ती फाइल बंद झाली आहे, असं उत्तर आलं. दारूचं ते वाक्य तिथं आहे तसंच राहिलं.

दहा-बारा दिवसांनी दुपारी मनाली वही घेऊन त्याच्यासमोर येऊन बसली.

"सर समितीत म्हणाले ते मी करून पाहिलं," ती म्हणाली. "एक बाटली कागदासकट दिवसभर फ्रिजात ठेवली. संध्याकाळपर्यंत माप हललं न्हाय. दुसरी त्या खिडकीत ठेवली. दहा मिनिटं, वीस, तीस, चाळीस." तिनं वही त्याच्याकडे वळवली. बारीक अक्षरात चार ओळी होत्या. "चाळिसाव्या मिनिटाला बरोबर एकवीस टक्के उतरली. चाळीसच ना, काका?"

रत्नपालनं वहीकडे पाहिलं. मापं अगदी नीट घेतलेली होती.

"व्हय."

"रोज?"

"रोज."

तिनं त्या आकड्याखाली एक रेघ ओढली. मग म्हणाली, "मी तुमच्यासमोर रडले. माझंच काही चुकतंय म्हणून रडले. तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

तेव्हा रत्नपालनं तिला सगळं सांगितलं. हीटर, फोन, स्पिरिटचा कॅन, चौकशीचा कागद. आणि पडवीत बसवून बापानं तोंडाचा वास घेतला ते. हे त्यानं तुळसालाही कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"त्या दिवशी सभेतून घरी गेलो," सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली. "आईनं गजरा काढून ठेवला आणि मला विचारलं, पोरी, खरं सांग, तुझ्या हातून चुकलं का? कागद वाचून दाखवल्यावरही विचारलं. तिला वाचता येत न्हाय ना. तिला फक्त सर काय बोलले ते ऐकू आलं."

रत्नपाल खाली बघत होता.

"म्हणजे ते कसं असतं, ते तुम्हाला ठाऊक होतं," मनाली म्हणाली. "आणि तरी."

"जा, प्राचार्यांना सांग," तो म्हणाला. "आता मी न्हाय म्हणणार न्हाय."

"सांगितलं तर सर खरे ठरतील. ते मला नको. म्हणून गप्प राहते." ती उठली, वही मिटली. "तुमच्यासाठी न्हाय."

दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातून कुलूप आणलं आणि फ्रिजला लावलं. चावी स्वतःच्या पर्समध्ये. तिला नव्या गाइड मिळाल्या. पाच महिन्यांची मापं रद्द करून तिनं पहिल्या नळीपासून पुन्हा सुरुवात केली, एप्रिलच्या उकाड्यात, दर वेळी नवा कंट्रोल घेऊन. खाडीतून मारांडीची ताजी पानं विठोबा बोटीतून आणून द्यायचा. चंद्राबाई काटे सांभाळत ती निवडायची. खरे आकडे साधेच निघाले. मारांडीची ताकद व्हिटॅमिन सीच्या बरीच खाली होती. मनालीनं ते तसंच लिहिलं. रत्नपालला तिनं पुन्हा कधी काका म्हटलं नाही. "नळ्या धुऊन ठेवा," "खोली उघडा," एवढंच.

शिरोळकर सरांबद्दल रत्नपालला पुढंही वाईट वाटलं नाही. एकदा श्रीवर्धनच्या एसटी स्टँडवर ते दिसले, बरेच वाळलेले. त्याला पाहून त्यांनी मान फिरवली, तेव्हा त्याला बरं वाटलं. हे त्यानं स्वतःपासून लपवलं नाही.

दीड वर्षानं मनालीचा प्रबंध मंजूर झाला आणि एक प्रत विभागाच्या कपाटात ठेवायला आली. प्रती लावायचं काम रत्नपालचंच. त्यानं हात पुसले आणि आभाराचं पान काढलं. आईवडील होते, नव्या गाइड होत्या, कोठारे बाई होत्या, ग्रंथालयातला दादू होता, ऑफिसातली माणसं होती. आजवर त्या विभागातून निघालेल्या प्रत्येक प्रबंधात परिचराचं नाव असायचं, शेवटच्या ओळीत का होईना. त्यानं ते पान वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. मग प्रत मिटली, पाठीवर नंबर चिकटवला आणि फळीवर तिच्या जागी लावून दिली.